कौतिकाचा शास्त्राचा तास

"बाई, नारळ कुठं फोडायचा?"

वर्गाच्या दारात रंगनाथ गुरव उभा होता. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला अष्टगंध, वहाणा बाहेर काढून ठेवलेल्या आणि दोन्ही हातांत शेंडीचा नारळ. मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. मारुतीच्या देवळाचा गुरव मिशनच्या शाळेत नारळ घेऊन कशाला आला असेल, हे काही केल्या माझ्या ध्यानात येईना.

"कसला नारळ, गुरवमामा?"

"आज ती गोष्ट हाय ना? तुमच्या देवानं मुक्याला बोलतं केलं ती. आळीतली पोरं सांगत व्हती. मग म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जायचं?"

सगळा वर्ग माना वळवून दुसऱ्या बाकाकडे बघायला लागला. तिथं त्याची मुलगी कौतिका बसली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नव्हतं. बापाला दारात बघून ती नुसती खूश झाली होती आणि शेजारच्या सुवार्ता साळवेला कोपरानं ढोसत होती. आपल्याबद्दल काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

ही माझी पहिलीच नोकरी. नगर जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, त्यात मिशनची जुनी दगडी शाळा. शाळा मिशनची आणि पगार सरकारचा. त्यामुळे मी नक्की कोणाची नोकर, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि मी ख्रिस्ती म्हणून शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तासही माझ्याच गळ्यात पडला होता.

गुरुवारी शेवटचा तास आला की वर्गाची दोन शकलं व्हायची. ख्रिस्ती पोरं माझ्याकडे शास्त्राच्या तासाला बसायची आणि बाकीची पलीकडच्या खोलीत देशमाने गुरुजींकडे नीतीच्या तासाला जायची. देशमाने गुरुजी पोरांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवत आणि स्वतः डुलकी काढत. तेवढीच नीती.

कौतिका खरं तर नीतीच्या तासाची. पण तिला घंटा ऐकू यायची नाही. सुवार्ता, म्हणजे सुवी, जिथं बसेल तिथं ती बसायची. ख्रिस्ती आळी वेशीला लागून आणि गुरवाचं घरही वेशीपाशीच, त्यामुळे दोघी एकाच धुळीत वाढलेल्या. त्यांचं आपसांत हातांनी बोलणं चालायचं. कोणी शिकवलेलं नव्हतं, आपोआप झालेलं होतं, आणि त्यातलं मला अक्षर कळत नसे. हेडमास्तर अमोलिक सरांनी एकदा कौतिकाला नेऊन नीतीच्या तासाला बसवलं होतं. हाताची घडी घालून ती तासभर रडवेली बसली, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा माझ्या वर्गात हजर झाली. मग कोणी तिला हलवलं नाही.

आणि मागच्या गुरुवारी मी सहज बोलून गेले होते, "पुढच्या वेळी आपण येशूनं मुक्याबहिऱ्या माणसाला बरं केलं ती गोष्ट घेऊ." पाठ क्रमानं येत होता, म्हणून बोलले. वर्गात एक बहिरी मुलगी आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तिच्याबरोबर वावरताना ते आठवतच नसे.

मी रंगनाथला व्हरांड्यात नेलं.

"मामा, तुम्ही समजताय तसं नाही ते. ही एक गोष्ट आहे."

"खोटी हाय का मग?"

बावीस वर्षं चर्चच्या बाकावर घालवलेली मी. "खोटी नाही," मी म्हटलं.

"मग झालं की!"

"पण म्हणजे... आज इथं तसंच होईल असं नाही ना."

"का? तव्हा झालं, आता का न्हाई? आमची पोरगी गुरवाची म्हणून का?"

"नाही हो, तसं नाही."

"मग कसं हाय ते सांगा."

तो नारळाची शेंडी चाळवत उभा राहिला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मारुतीरायाचं तेल झालं, कुलदैवत झालं, पीरबाबाची चादर झाली, नगरचा डॉक्टर झाला. आता तुमचा येशूच राहिला. इथं झालं तर झालं. न्हाई तर सोमवारपासनं पोरीची शाळा बंद. बोलता येत न्हाई तिला शिकून काय करायचं? मेव्हण्याकडं पाठवून देतो गंगापूरला. म्हशी राखील, दोन घास खाईल."

"अहो, पण ती हुशार आहे. गणितं कशी करते बघा तरी. आणि सुवीशिवाय ती तिकडं बोलेल कोणाशी?"

"बोलेल?" रंगनाथनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी थट्टाच केली होती. "आवो, बोलती कुठं ती?"

मधल्या सुट्टीत मी अमोलिक सरांकडे धावले. सर मनानं चांगले, पण भित्रे. टेबलावरच्या काचेखाली त्यांनी येशूच्या तसबिरीऐवजी शिक्षणाधिकाऱ्यांची परिपत्रकं ठेवली होती.

"नोहाच्या महापुराची गोष्ट सांगा," ते लगेच म्हणाले. "नोहाच्या गोष्टीबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. बुडालेले येत नाहीत तक्रार करायला."

"सर, तो नारळ घेऊन आलाय. गोष्ट बदलली तर म्हणेल, आमच्या पोरीपुरती लपवली."

"आणि सांगितली आणि ती पोरगी नाही बोलली, तर?"

"तर शाळा सुटेल तिची."

"आणि बोलली तर?" सरांनी घाम पुसला. "मग तर फारच पंचाईत. उद्या गाव म्हणेल, मिशनवाल्यांनी गुरवाची पोर बाटवली. कोणी जिल्ह्याला अर्ज ठोकला की तास बंद."

म्हणजे ती बोलली तरी संकट आणि नाही बोलली तरी संकट. इकडे आड, तिकडे विहीर. मी सरांना विचारलं, "सर, तुम्हाला खरंच वाटतं, ती बोलेल?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रविवारी विचाराल तर हो म्हणेन, हिवाळेबाई. आज गुरुवार आहे."

मला त्यांचा राग आला. नंतर लक्षात आलं की माझीही गत तीच होती, आणि म्हणून तर राग आला होता. मी प्रार्थना करायला डोळे मिटले, तर नक्की काय मागायचं हेच कळेना. तिला बोलू दे म्हणू, की बापाला समजू दे म्हणू, की मला आत्ताच्या आत्ता ताप येऊ दे म्हणू? तिसरी मागणी मी जास्त मनापासून केली. ती मंजूर झाली नाही.

शेवटच्या तासाची घंटा झाली. त्या दिवशी वर्गाची दोन शकलं झालीच नाहीत. नीतीच्या तासाची पोरं जागची हलेनात आणि देशमाने गुरुजीच उठून माझ्या वर्गात आले. खिडक्यांच्या गजांशी आळीतल्या बायकांची आणि बाजारातल्या रिकामटेकड्यांची डोकी दिसायला लागली. रंगनाथ मागच्या भिंतीला टेकून मांडी घालून बसला, नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून. अमोलिक सर दारात होते. पाय अर्धे आत, अर्धे बाहेर.

सुवी नेहमीसारखी बाकावर उलटी, कौतिकाकडे तोंड करून बसली. मी सांगेन ते ती हातांनी कौतिकाला सांगायची, हे ठरलेलंच होतं.

"एक माणूस होता," मी सुरुवात केली. "त्याला ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं."

सुवीचे हात उठले आणि तसेच थांबले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. मग हात काहीतरी करायला लागले. मी पुढं गेले.

"त्याच्या माणसांनी त्याला येशूकडे आणलं. म्हणाले, याच्यावर हात ठेव. येशूनं काय केलं, तर त्याला गर्दीतून बाजूला नेलं. एकट्याला. त्याच्या कानांत बोटं घातली. बोटाला थुंकी लावून त्याच्या जिभेला लावली. मग वर आभाळाकडे बघून त्यानं मोठा उसासा टाकला."

मध्येच कौतिका हसली. चांगली खुदकन हसली. तिथं हसण्यासारखं काहीच नव्हतं. मी बावरले. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "हसली, हसली!" रंगनाथ गुडघ्यांवर उठला.

आता एकच वाक्य राहिलं होतं. मी ते लांबवलं. घोटभर पाणी प्यायले, खडू खाली ठेवला. शेवटी म्हटलं, "आणि येशू त्याला म्हणाला, मोकळा हो. आणि तो मोकळा झाला."

देशमाने गुरुजींची झोपसुद्धा पार उडाली होती. मी कौतिकाच्या ओठांकडे बघत होते. सगळेच बघत होते.

"बोल की गं," रंगनाथ म्हणाला. "बोल, बाळा. बा म्हण. नुसतं बा म्हण."

कौतिकानं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग सुवीकडं. तिनं बापाकडं बोट दाखवून हातांनी सुवीला काहीतरी विचारलं. सुवीनं जरा विचार केला आणि मान हलवली.

त्याबरोबर कौतिका बाकावरून उठली. पोरांच्या पायांवरून उड्या टाकत मागच्या भिंतीपर्यंत गेली आणि बापाचं मनगट धरून त्याला ओढायला लागली. नारळ त्याच्या हातातून खाली गेला. "अगं, अगं," करत तो तिच्यामागं ओढला गेला. दोघं दारातून, अमोलिक सरांना धक्का देऊन, बाहेर पटांगणात गेली. अख्खा वर्ग त्यांच्यामागं धावला. "जागेवर बसा!" असं सर ओरडले आणि स्वतःही धावले.

चिंचेच्या पारावर कौतिकानं बापाला बसवलं. गर्दी जवळ आली तशी तिनं दोन्ही हातांनी आम्हाला मागं सारलं, मलासुद्धा. मग तिनं बापाच्या दोन्ही कानांत बोटं घातली. बोटाला थुंकी लावली आणि त्याचा जबडा धरून ती त्याच्या जिभेला लावली. वर बघून छाती भरून उसासा टाकला.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला वाटलं, सगळं उलटंच झालं. पोरीला गोष्ट कळलीच नाही, ती खेळ खेळतेय, आणि हा माणूस आता भर गावात अपमान झाला म्हणून हिला शाळेतूनच काय, घरातूनही काढेल. मी पुढं व्हायला गेले, तर सुवीनं माझा पदर धरला. "थांबा ना, बाई."

कौतिका बापासमोर उभी राहिली आणि तिनं हातांनी काहीतरी सांगितलं.

"आं?" रंगनाथ म्हणाला.

तिनं पुन्हा त्याच्या कानांत बोटं घातली. या वेळी कुलूप उघडतात तशी फिरवली. पुन्हा तेच हात केले.

"काय म्हणती ही?" त्यानं सुवीला विचारलं.

"तिलाच विचारा," सुवी म्हणाली.

"सुवार्ता! मोठ्यांशी असं बोलतात?" अमोलिक सर डाफरले. सुवी जागची हलली नाही.

रंगनाथनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्याचे हात मोकळेच होते, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला समजत नसावं. मग त्यानं उजवा हात कसाबसा उचलला आणि पंजा वळवून विचारलं, काय?

कौतिकाचा चेहरा असा काही फुलला की आजही तो माझ्यासमोर येतो. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. दोन बोटं कपाळाशी धरली. मग एक पाय उचलून लंगडली. मग तळपाय दाखवून चिमटीनं काहीतरी टोचल्यासारखं केलं. त्यानं पुन्हा हात वळवला. तिनं पुन्हा सांगितलं. असं तीन-चारदा झालं, आणि आम्ही सगळी शहाणी माणसं उन्हात उभी राहून बघत होतो.

एकाएकी रंगनाथ उठलाच. "आरं तिच्या! वासरू! वासराच्या खुरात काटा गेलाय म्हणती. मागल्या पायाच्या. म्या म्हणतोय, काल धरनं लंगडतंय कशानं! वैदूला बोलवत व्हतो की मी." आणि तो कौतिकाकडं वळून हातांनी तोच काटा टोचून दाखवायला लागला, आणि ती जोरजोरात मान हलवायला लागली. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि तो हसतही होता. "कालपासनं सांगत आसंल ही मला. कालपासनं!"

"बोलली का पण ती?" खिडकीपाशी राहिलेल्या एका म्हातारीनं ओरडून विचारलं.

रंगनाथ म्हणाला, "चल, काटा काढला पायजे," आणि पोरीचा हात धरून निघून गेला. वहाणा राहिल्या, नारळही राहिला.

संध्याकाळी अमोलिक सरांनी मला बोलावलं. "हिवाळेबाई, मिशनला कळवायला हवं. चमत्कार झाला की नाही?"

"माहीत नाही, सर."

"अहो, ती बोलली का?"

"नाही. म्हणजे... नाही."

"मग नाही झाला."

"तसंही म्हणवत नाही, सर."

"हो की नाही, एक काहीतरी सांगा!"

"सर, मला कळलंच नाही काय झालं ते."

सरांनी काहीच कळवलं नाही. नारळ मात्र शिपायानं फोडला. तो मारुतीचा, येशूचा की शाळेचा, या प्रश्नात कोणी शिरलं नाही. सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

शुक्रवारी-शनिवारी कौतिका शाळेत आली नाही. सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभी होते. बोटांची नखं खात होते. कौतिका आली, वेणी घालून, दप्तर घेऊन. मागं रंगनाथ होता.

"शाळा बंद करणार होतात ना, मामा?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"व्हय. पण मला ते हातांचं शिकायचं हाय सुवीकडनं. आता कौतिका गेली गंगापूरला, तर सुवी कशाला येती आमच्याकडं?" आणि वळता वळता म्हणाला, "लई बोलती वो ती. चार दिस झोपू दिलं न्हाई."

त्यानंतर मी चार शाळा बदलल्या, लग्न केलं, निवृत्त झाले. आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. पाळकसाहेब कितीदा म्हणाले, "बाई, ती गुरवाच्या मुलीची साक्ष द्या ना!" मी कधी दिली नाही. कशाची साक्ष देऊ? मुलगी बरी झाली असं म्हटलं तर खोटं. काही झालं नाही असं म्हटलं तर ते त्याहून खोटं. आणि तिनं उलटं का केलं, बापालाच आजारी का ठरवलं, ते मला कुठं ठाऊक होतं? कितीतरी वर्षं मी असंच धरून चालले, की पोरगी गोष्ट चुकीची समजली आणि चुकीतून भलं झालं.

मागच्या वर्षी नगरला एका लग्नात सुवी भेटली. आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे. पंचायत समितीत नोकरी करते. कौतिकाचं विचारलं, तर म्हणाली, "मजेत आहे. राहुरीला शिवणाचं दुकान आहे तिचं. मोबाइल आल्यापासून रोज तास-तास बोलतो आम्ही व्हिडिओवर, आवाज बंद करून. नवरा म्हणतो, निदान शांतता तरी असते."

मंडपात बँड वाजत होता. मी तिला जरा लांब, मांडवाच्या कडेला नेलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "सुवी, त्या दिवशी कौतिकाला गोष्ट उलटी कशी काय कळली गं?"

"उलटी नाही कळली, बाई. मी सांगितली तशीच कळली."

"काय सांगितलंस तू?"

"तुम्ही म्हणालात, एक बहिरा माणूस होता. माझे हात तिथंच अडकले. आमच्या बोलण्यात बहिरं म्हणायला काही नव्हतंच. आमची हाताची खूण होती ती 'समोरच्याचं न कळणाऱ्या माणसा'ला. सगळ्यात जवळची तीच होती, म्हणून तीच केली. एक माणूस होता, लोक त्याला सांगून सांगून दमायचे, त्याला कळायचंच नाही. येशूनं त्याला बाजूला घेतलं आणि हातांनी बोलला त्याच्याशी. तेव्हा हसली बघा ती. मग शेवटी तिनं मला विचारलं, म्हणजे माझ्या बापासारखा? मी म्हटलं, हो."

मंडपातून कोणीतरी जेवायला हाका मारत होतं. मी विचारलं, "आणि आता? आता आहे का काही तुमच्यात, बहिरं म्हणायला?"

सुवीनं हातातली पर्स खाली ठेवली. दोन्ही हात वर घेतले, एकदा असे केले, एकदा तसे केले, बोटं जुळवली, सोडली. मग हसली.

"नाही, बाई. अजून लागलं नाही."